बॉम्बचं घड्याळ सत्तर वर्षांनी कसं वाजतं?

प्रश्न असा विचारला आहे: जून २०१९ मध्ये जर्मनीत लिम्बुर्गजवळच्या आल्बाख गावात पहाटे चारच्या सुमारास शेतात स्फोट झाला. उजाडल्यावर लोकांनी पाहिलं तर १० मीटर रुंद आणि ४ मीटर खोल खड्डा. तिथे कोणी खणत नव्हतं, नांगर फिरत नव्हता. दुसऱ्या महायुद्धातला २५० किलोचा बॉम्ब आपणहून फुटला. सत्तरहून जास्त वर्षं गप्प बसलेला बॉम्ब त्याच रात्री का फुटला? आणि पाडल्याबरोबर फुटणार नाही असा बॉम्ब मुळात बनवायचा कशाला? शेवटी हेही विचारलं आहे, की आपल्याकडे असे बॉम्ब जमिनीखाली आहेत का.

मी खडकीचा सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातला माणूस. नोकरीची बरीच वर्षं न फुटलेला दारूगोळा निकामी करण्यात गेली आणि शेवटची काही वर्षं तेच काम पोरांना शिकवण्यात. या तिन्ही प्रश्नांचं उत्तर फ्यूजमध्ये आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी शब्दाचा गोंधळ मिटवू. घरातल्या मीटरजवळचा फ्यूज उडाला की वीज बंद होते. बॉम्बचा फ्यूज ही निराळी वस्तू आहे. इंग्रजीत तिचं स्पेलिंगही जाणकार लोक वेगळं करतात, 'एस'च्या जागी 'झेड' घालून. बॉम्ब म्हणजे पोलादी पिंप आणि त्यात ओतलेली स्फोटकं. टीएनटी हे स्फोटक वितळवून पातळ करता येतं आणि गुऱ्हाळात गुळाचा पाक साच्यात ओततात तसं बॉम्बच्या पोटात ओतता येतं. तिथे ते थिजून दगडासारखं होतं. एवढ्यावर ते फुटत नाही. चूल पेटवताना आपण ओंडक्याला काडी लावत नाही. आधी पाचोळा, मग काटक्या, मग लाकूड. बॉम्बमध्येही तशीच साखळी असते: अतिशय नाजूक दारूचा चिमूटभर डेटोनेटर, त्याच्यापुढे जरा दमाची मधली दारू आणि शेवटी पोटातला मोठा साठा. डेटोनेटर कधी पेटवायचा हे ठरवतो तो फ्यूज. पण त्याचं त्याहून अवघड काम म्हणजे तोवर न पेटवणं. बॉम्ब कारखान्यातून निघतो, रेल्वेने जातो, ट्रकमध्ये हादरे खातो, विमानाखाली टांगला जातो. या सगळ्या प्रवासात फ्यूजने झोपून राहायचं आणि विमानापासून सुटल्यावरच जागं व्हायचं.

१ नोव्हेंबर १९११ ला जुलिओ गावोत्ती या इटालियन वैमानिकाने लिबियात विमानातून बॉम्ब टाकले. विमानातून झालेला तो पहिला बॉम्बहल्ला मानतात. त्याच्याकडे फ्यूजची ही दुसरी, झोपून राहण्याची शहाणी बाजू नव्हतीच. हातबॉम्बएवढे चार गोळे आणि त्यांचे डेटोनेटर त्याने वेगवेगळे ठेवले होते. एका हाताने विमान सांभाळत दुसऱ्या हाताने त्याने ते उडता उडता बसवले. हात चुकला असता तर इतिहासात पहिला बॉम्बहल्ला नव्हे, पहिला बॉम्ब-अपघात नोंदला गेला असता.

पहिल्या महायुद्धात यावर साधा आणि टिकाऊ तोडगा निघाला: फ्यूजच्या टोकाला छोटा पंखा. विमानाला बांधलेली एक तार त्या पंख्यातून ओवलेली असे, त्यामुळे तो फिरत नसे. बॉम्ब सुटला की तार विमानाकडेच राही. वाऱ्याने पंखा गरगरे, ठरावीक फेऱ्यांनंतर आतला अडसर निघे आणि फ्यूज जागा होई. स्वतःच्या मुलखावर बॉम्ब निरुपद्रवी टाकून द्यायची वेळ आली तर तार बॉम्बबरोबरच सोडायची, म्हणजे पंखा फिरणारच नाही. ही युक्ती इतकी पक्की होती की ब्रिटिश आणि अमेरिकन बॉम्बांवर दुसऱ्या महायुद्धातही ती दिसते. ब्रिटिश लोक त्यांच्या यंत्राला बहुतेक वेळा फ्यूज न म्हणता पिस्तूल म्हणत, कारण त्यात दारू नसे, फक्त टोचणी असे. डेटोनेटर वेगळा बसवायचा.

जर्मनांनी दुसरी वाट धरली. ऱ्हाइनमेटाल कंपनीत हर्बर्ट र्यूलेमान नावाचे अभियंता विजेवर चालणाऱ्या फ्यूजवर काम करत होते. पंखा नाही, तार नाही. बॉम्ब सुटण्याच्या क्षणी विमानातली वीज फ्यूजमध्ये भरायची. ती आतल्या एका साठ्यातून दुसऱ्या साठ्यात सावकाश झिरपे, आणि या झिरपण्याला लागणारा वेळ म्हणजेच विमानाला दूर जायला मिळालेला वेळ. आदळल्यावर आतला नाजूक स्विच हादरे आणि साठलेली वीज डेटोनेटरकडे धावे. वैमानिकाला याचा मोठा फायदा होता. बॉम्ब टेकताच फुटावा की जमिनीत, इमारतीत घुसून मग फुटावा, हे तो हवेतच निवडू शके. स्टुकासारख्या सूर मारणाऱ्या विमानांना तर याची गरजच होती. स्पेनच्या यादवी युद्धात हे फ्यूज वापरून पारखले गेले. याची पेटंटं युद्धाआधीच्या काळात इंग्लंडमध्येही नोंदलेली होती. ज्यांना पुढे जीव मुठीत धरून हे यंत्र समजून घ्यावं लागलं, त्यांच्याच राजधानीत त्याची कागदपत्रं पडून होती. हे मी वर्गात सांगितलं की पोरांचा विश्वास बसत नसे.

आमच्या शिकवणीच्या खोलीत असा एक जर्मन फ्यूज अर्धा कापून ठेवलेला होता. ॲल्युमिनियमचा, तळहातात मावणारा, दिसतो त्याहून वजनाला हलका. डोक्यावर स्प्रिंगवर बसलेल्या दोन छोट्या पिना. बोटाने दाबल्या की आत जात, सोडल्या की वर येत. तिथेच एका वर्तुळात आकडा कोरलेला: १५. आमचे उस्ताद तो प्रत्येकाच्या हातावर ठेवत आणि विचारत, "काय दिसतं?" कोणी पिना म्हणे, कोणी ॲल्युमिनियम. उस्ताद म्हणत, "आकडा बघ. आकडा वाचल्याशिवाय हात लावायचा नाही." १९४० च्या लंडनमध्ये हा आकडा वाचता येणं म्हणजेच विद्या होती.

त्यात एक अडचण होती. जर्मन फ्यूज बॉम्बच्या नाकात किंवा शेपटीत नसून बहुधा कुशीत, आडवा बसवलेला असे. बॉम्ब जमिनीत पाच-सात मीटर खाली जाऊन कुशीवर निजलेला असे. फ्यूज वरच्या बाजूला आला तर आकडा वाचायचा. तो खाली चिखलात दबला असेल तर अंगठ्याएवढं काहीतरी चाचपायला शेकडो किलोंच्या बॉम्बखालून माती काढत जायचं.

१५ म्हणजे साधा, आदळताच फुटणारा फ्यूज. तो न फुटता पडला असेल तर बहुधा विजेचं काहीतरी बिघडलेलं. पिना दाबून आतली वीज उतरवायचं छोटं अवजार ब्रिटिशांनी लवकरच केलं. मग आला १७. त्यात घड्याळ होतं, जवळजवळ तीन दिवसांपर्यंत लावता येणारं. बॉम्ब पडला, फुटला नाही, लोक म्हणाले फुसका निघाला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता उडाला. त्यापाठोपाठ आला ५०. तो आदळल्यावर फुटतच नसे. जमिनीत स्थिर झाला की जागा होई आणि त्यानंतर कोणी हलवला, ठोकला, जवळ जोरात कुदळ मारली तर फुटे.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं, म्हणजे 'असा बॉम्ब बनवायचा कशाला' याचं उत्तर या १७ आणि ५० मध्ये आहे. फुटलेला बॉम्ब एक घर पाडतो. न फुटलेला, फुटेल की नाही हे माहीत नसलेला बॉम्ब अख्खी गल्ली रिकामी करतो, रेल्वेचा फाटा बंद पाडतो, कारखान्यातले कामगार फाटकाबाहेर उभे ठेवतो. काही बॉम्बांना फ्यूजसाठी दोन खोबण्या असत. एकीत १७ आणि दुसरीत ५० बसवला की घड्याळ चालू आहे आणि घड्याळाला हात लावायची सोय नाही. इंग्लंडमध्ये नियम झाला की शक्य तिथे ९६ तास थांबायचं. तोवर घड्याळ संपलेलं असेल आणि ५० ची वीज ओसरलेली असेल. पण सगळीकडे थांबता येत नसे. १२ सप्टेंबर १९४० ला सेंट पॉल कॅथेड्रलच्या अगदी जवळ एक मोठा बॉम्ब रस्त्यात घुसला. लेफ्टनंट रॉबर्ट डेव्हिस आणि सॅपर जॉर्ज वायली यांच्या तुकडीने तीन दिवस खणून तो सुमारे ८ मीटर खोलीवरून वर काढला, ट्रकवर घातला आणि रिकाम्या केलेल्या रस्त्यांवरून हॅकनी मार्शच्या मोकळ्या मैदानात नेऊन उडवला. जॉर्ज क्रॉस हे पदक तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत हे दोघे आहेत.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला, २ सप्टेंबरला, वेल्समध्ये स्वान्झीजवळच्या लॅन्डार्सी तेल शुद्धीकरण कारखान्यात स्टुअर्ट आर्चर हे सॅपर अधिकारी एका बॉम्बवर काम करत होते. पेशाने हे आर्किटेक्ट. आसपास तेलाच्या टाक्या जळत होत्या. बॉम्बच्या एका टोकाची झाकणी फाटलेली होती. तिथून आतली दारू हाताने उकरत त्यांनी फ्यूजची खोबणीच अख्खी उपटून बाहेर काढली. नंतर ती उघडून पाहिली तेव्हा १७ च्या खाली आणखी एक वस्तू मिळाली. जर्मन तिला झुस-४० म्हणत. १७ चा फ्यूज सरळ वर खेचला असता तर खालच्या या यंत्राची टोचणी सुटून बॉम्ब फुटला असता.

फ्यूजच्या इतिहासात हा क्षण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पंखा असो वा वीज, तोवरच्या कल्पकतेचा विषय लक्ष्य होता: गोदी, पूल, कारखाना. झुस-४० ला गोदीशी देणंघेणं नाही. ती फक्त एका माणसासाठी बनवलेली आहे, जो खड्ड्यात उतरून, गुडघ्यावर बसून, फ्यूज हातात धरणार आहे. कोणीतरी ड्रॉइंग बोर्डवर बसून त्या माणसाच्या हाताचा विचार केला, तो कसा फिरवेल, कुठे धरेल, किती वर खेचेल याचा. आर्चर यांनी ही वस्तू जिवंत हाती आणून दिली, म्हणून पुढच्या शेकडो माणसांना ती ठाऊक झाली. आर्चर शंभर वर्षं जगले. २०१५ साली वारले.

तिथून पुढची दोन-अडीच वर्षं दोन्हीकडे एकमेकांचं पाहून डाव टाकणं चाललं. घड्याळाची टिकटिक ऐकायला लांबून चालणारा विजेचा स्टेथोस्कोप आला. घड्याळाचे पोलादी भाग चुंबकाने धरून ठेवायला अवजड विद्युतचुंबक आला. बॉम्बवर तो बसवून ठेवायचा आणि चालू असेपर्यंत काम उरकायचं. फ्यूजच्या नादी न लागता पिंपाला दुरून भोक पाडायचं आणि वाफ सोडून टीएनटी वितळवून बाहेर काढायचं, ही रीतही आली. स्फोटकंच राहिली नाहीत तर फ्यूज काय करणार?

वाफेच्या या कामात चार्ल्स हॉवर्ड, सफकचे विसावे अर्ल, यांचं नाव येतं. हेच जून १९४० मध्ये फ्रान्स पडत असताना बोर्दोहून अणुसंशोधनाला लागणारं जड पाणी आणि हिरे जहाजात घालून इंग्लंडला घेऊन आले होते. हिंदुस्थानशीही त्यांचं नातं आहे: वडील व्हाइसरॉय कर्झनचे एडीसी, म्हणजे खास लष्करी मदतनीस होते आणि आई लेडी कर्झनची बहीण. अर्ल, त्यांची सेक्रेटरी बेरिल मॉर्डन आणि ड्रायव्हर फ्रेड हार्ड्स असे तिघे बॉम्बवर जात. अर्ल काय करतात ते मॉर्डन टिपून घेत, म्हणजे काही झालं तर पुढच्याला कळावं की शेवटची हालचाल कोणती होती. चौतीस बॉम्ब नीट निघाले. १२ मे १९४१ ला लंडनजवळ एरिथच्या दलदलीत पस्तिसाव्या बॉम्बवर काम करताना तो फुटला. तिघेही गेले आणि सोबतचे सैनिकही गेले. टिपून ठेवायची ती शिस्त मात्र आजही आमच्या कामात आहे. खड्ड्यातला माणूस प्रत्येक गोष्ट करण्याआधी मोठ्याने सांगतो आणि लांब बसलेला माणूस ती लिहितो. प्रशिक्षणात नवीन पोरांना हे अवघड जातं. हात चालतात, तोंड चालत नाही. मी त्यांना मॉर्डनबाईंची गोष्ट सांगत असे.

जानेवारी १९४३ मध्ये लंडनवर पडलेल्या बॉम्बांत एक नवा फ्यूज सापडला. डोक्यावर नेहमीच्या खुणांसोबत 'वाय' अक्षर. आत स्वतःच्या बॅटऱ्या आणि पाऱ्याचे स्विच. बॉम्ब थोडा कलला, फ्यूज किंचित फिरला, तरी पारा ओघळून जोडणी पूर्ण व्हायची. त्याआधीचं वीज उतरवायचं कोणतंही अवजार लावलं असतं तर बॉम्बच फुटला असता. वीज ओसरायची वाट पाहावी तर बॅटरी ओसरत नाही. हा फ्यूज इमारतीसाठी नव्हताच. फ्यूज काढणाऱ्यांना मारण्यासाठीच तो होता. त्याला उत्तर शोधलं त्यात पुढे होते मेजर जॉन हडसन. युद्धाआधी ते फळबागा-भाजीपाल्याच्या शास्त्रातले, आणि युद्धानंतरही त्याच विषयाचे प्राध्यापक झाले. थंडीत बॅटरी मरते, ही साधी गोष्ट त्यांनी धरली. लंडनमध्ये आल्बर्ट पुलाजवळच्या बॉम्बवर त्यांनी फ्यूजभोवती मातीचं आळं केलं, झाडाला पाणी देण्यासाठी करतात तसं, आणि त्यात द्रवरूप ऑक्सिजन ओतत राहिले. उडून जाई तसा पुन्हा ओतायचा. पोलादावर पांढरं हिव धरलं, ते फ्यूजपासून बाहेर बाहेर पसरत गेलं. आतली बॅटरी गारठून निकामी झाली असेल इतका वेळ गेल्यावर त्यांनी फ्यूज काढला. असा फ्यूज शाबूत बाहेर आल्यामुळेच पुढच्यांसाठी पद्धत बसवता आली. वर्गात हे सांगताना ते आळं माझ्या डोळ्यासमोर येतं. झाडांत वाढलेल्या माणसालाच ते सुचावं असं मला वाटतं, यापलीकडे माझ्याकडे पुरावा नाही.

छोट्या बॉम्बांचाही उल्लेख केला पाहिजे. जून १९४३ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी आणि क्लीथॉर्प्स या गावांवर दोनेक किलोंचे 'फुलपाखरू' बॉम्ब पसरले. पंखांसारख्या उघडणाऱ्या झडपांमुळे ते भिरभिरत उतरत. तारांवर, कौलांवर, झुडपांत अडकत. त्यांना तीन तऱ्हांचे फ्यूज होते: पडताना किंवा पडल्यावर फुटणारा, काही मिनिटांनी फुटणारा, आणि हलवल्यावर फुटणारा. बाहेरून तिन्ही सारखे. हल्ला संपल्याचा भोंगा वाजल्यावर लोक बाहेर पडले आणि पुष्कळ जण तेव्हा मेले. जर्मनांना या बॉम्बचं यश कळू नये म्हणून सरकारने बातमी दाबली.

जर्मनांच्या फ्यूजबद्दल इतकं सांगून थांबलो तर अर्धी गोष्ट सांगितल्यासारखं होईल. आल्बाखचा खड्डा जर्मन फ्यूजने पाडलेला नाही. जर्मनीत आज जे बॉम्ब आपणहून फुटतात ते मित्रराष्ट्रांचे, ब्रिटिश आणि अमेरिकन. त्यांनी उशिरा फुटण्यासाठी घड्याळ वापरलं नाही, रसायन वापरलं. शेपटीकडच्या यंत्रात एक काचेची कुपी, तिच्यात ॲसिटोन. नखांवरचा रंग पुसायला बाटलीत असतं तेच. पंखा फिरला की कुपी फुटे. द्रव सेल्युलॉइड या जुन्या जातीच्या प्लास्टिकच्या चकतीवर उतरे. या चकतीने टोचणी रोखून धरलेली. चकती मऊ होत जाई, आणि एका क्षणी टोचणीचा जोर तिला झेपेनासा होई. चकतीवरून वेळ ठरे: काही तास किंवा सहा दिवसांपर्यंत, म्हणजे १४४ तास. टिकटिक नाही, म्हणून ऐकायला काही नाही. पोलादी घड्याळ नाही, म्हणून चुंबकाला धरायला काही नाही. शिवाय यंत्र उलटं फिरवून काढू गेलं तर ते फुटेल, अशी अडवणूक आत केलेली. इंग्लंडने झुस-४० चा मार सोसला होता आणि त्याच जातीची कल्पना पलटवून जर्मन शहरांवर टाकली.

आग विझवणारे, ढिगाऱ्यातून माणसं काढणारे, कारखाना पुन्हा सुरू करणारे यांना दूर ठेवणं हा हेतू उघड होता. आणि प्रत्यक्ष खड्ड्यात कोण उतरलं? जर्मनीत बॉम्ब उकरायच्या कामाला छळछावण्यांतले कैदी जुंपले जात. साक्सेनहाउझेन, नॉयेनगामे या छावण्यांतून अशी पथकं निघत. ज्यांच्या सुटकेसाठी युद्ध चाललं होतं त्यांच्यातले लोक मित्रराष्ट्रांच्याच फ्यूजने मेले. या विषयावर बोलताना यंत्राचं कौतुक करायचा मोह होतो, मलाही होतो. यंत्र सुरेख आहेच. अशा वेळी मी मुद्दाम या पथकांची आठवण काढतो.

आता पहिल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर. सगळ्यात चांगलं उदाहरण बर्लिनच्या उत्तरेला असलेल्या ओरानिएनबुर्गचं. साक्सेनहाउझेन याच गावात. इथे आउअर कंपनीचा युरेनियमवर प्रक्रिया करणारा कारखाना होता. तो रशियनांच्या हाती शाबूत पडू नये म्हणून अमेरिकन अणुप्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांनी आग्रह धरला आणि १५ मार्च १९४५ ला सहाशेहून जास्त बी-१७ विमानांनी गावावर दीड हजार टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यांतल्या फार मोठ्या भागाला हे रासायनिक, उशिरा फुटणारे फ्यूज होते.

ओरानिएनबुर्गची जमीन हाफेल नदीच्या काठची, वरून मऊ वाळू आणि खाली कठीण खडीचा थर. तिरका येणारा बॉम्ब वाळूत सहज घुसला, खडीला अडला आणि वळून पुन्हा वरच्या दिशेने निघाला. इंग्रजी 'जे' अक्षर काढावं तसा मार्ग. थांबला तेव्हा नाक वर आणि शेपूट खाली. फ्यूज शेपटीत. कुपी फुटलेली, पण बॉम्ब उलटा असल्यामुळे द्रव चकतीवर न साचता दुसऱ्या टोकाला ओघळला. चकतीला पोचली ती फक्त वाफ. सहा दिवसांत संपायचं काम अशा रीतीने लांबत गेलं. जमिनीखालचा गारवा, पाणी, आणि सेल्युलॉइडचं आपसूक होणारं कुजणं हे त्यात मिसळलं. काच फुटलीच नाही अशा बॉम्बमध्येही चकती वयाने ठिसूळ होतेच. टोचणीचा जोर मात्र सत्तर वर्षांपूर्वी होता तसाच चकतीवर टेकलेला आहे. एका पहाटे चकती तुटते. त्या रात्री काही विशेष घडलेलं नसतं. आल्बाखमध्येही असाच रासायनिक फ्यूज असल्याचं तपासणाऱ्यांनी सांगितलं.

म्हणून 'इतकी वर्षं फुटला नाही म्हणजे आता फुटणार नाही' हे या जातीच्या फ्यूजबाबत उलटं आहे. जर्मन १५ मधली वीज कधीच ओसरली आहे. घड्याळ गंजून अडकलेलं असतं, तरी हलवल्यावर ते पुन्हा चालू शकतं. रासायनिक फ्यूज मात्र दर वर्षी आणखी वाईट होतो. १ जून २०१० ला ग्योटिंगेनमध्ये क्रीडागृहाच्या बांधकामात सापडलेला असाच एक ५०० किलोचा बॉम्ब, काम सुरू व्हायला अजून अवधी असताना, तयारी चालू असतानाच फुटला. पथकातली तीन अनुभवी माणसं गेली. कोणी चूक केली नव्हती. ऑगस्ट २०१२ मध्ये म्युनिकच्या श्वाबिंग भागातला बॉम्ब काढणं अशक्य म्हणून जागेवरच उडवला. दाब शोषायला रचलेलं गवत पेटून छपरांवर उडालं आणि आसपासच्या इमारतींना आगी लागल्या. जागेवर उडवणं म्हणजे सुरक्षित, असं लोकांना वाटतं. भरवस्तीत ते तसं नसतं.

आजकाल जर्मनीत वाळूमिश्रित पाण्याची जोरदार धार लांबून चालवून फ्यूज कापून वेगळा करतात. बांधकामाआधी युद्धातल्या हवाई छायाचित्रांत छोटे गोल ठिपके शोधतात: मोठा खड्डा म्हणजे फुटलेला, बारीक भोक म्हणजे आत गेलेला. हे फोटो ब्रिटिश आणि अमेरिकन टेहळणी विमानांनीच हल्ल्याचा परिणाम मोजायला काढलेले आहेत. ओरानिएनबुर्गमध्ये असे सुमारे तीनशे बॉम्ब अजून जमिनीत असल्याचा अंदाज कॉटबुसच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी मांडला होता. गावात ठरावीक अंतराने बोअर घेऊन जमिनीत चुंबकीय शोध घेतात. लोक पिशवीत औषधं आणि कागदपत्रं भरून एका दिवसासाठी घर सोडतात, संध्याकाळी परत येतात.

युद्धाच्या शेवटी रेडिओ लहरी सोडून जमिनीचं अंतर ओळखणारे, हवेतच फुटणारे फ्यूजही आले. अमेरिकेत बॉम्बसाठीच्या या कामात हॅरी डायमंड यांचं नाव येतं. तो स्वतंत्र विषय आहे, न फुटलेल्या बॉम्बांशी त्याचा फारसा संबंध नाही, म्हणून इथे सोडतो.

राहिला आपला प्रश्न. दुसऱ्या महायुद्धात मुंबईवर शत्रूच्या विमानांनी बॉम्ब टाकले नाहीत. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा भरलेलं फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं ते जहाजावरच्या आगीने, आणि त्यात लांब पडलेल्या वस्तूंचा विषय वेगळा. महाराष्ट्रात जमिनीत न फुटलेले विमानी बॉम्ब आहेत, अशी भीती बाळगायचं कारण नाही. जपानी विमानांनी एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाडावर आणि त्या वर्षअखेरपासून कोलकात्यावर बॉम्ब टाकले. शिवाय बंगाल-आसामात मित्रराष्ट्रांचे विमानतळ आणि दारूगोळ्याचे साठे होते. डिसेंबर २०१८ मध्ये कोलकात्याच्या नेताजी सुभाष गोदीत गाळ काढताना सुमारे ४५० किलोचा विमानी बॉम्ब वर आला. आमच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा महायुद्धातला मोठा वारसा सुरुंगांचा आहे: १९४१ च्या सुरुवातीला आफ्रिकेत सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरची पंधरा सुरुंगक्षेत्रं साफ केली, दोनदा खालची गाडी उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी काम दुसऱ्याकडे दिलं नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुण्यात सॅपर भरती झालेल्या प्रत्येक पोराला ही गोष्ट तोंडपाठ असते.

महाराष्ट्रात सापडतो तो दारूगोळा बहुधा सरावाच्या मैदानांजवळचा, म्हणजे तोफगोळे आणि मॉर्टरचे, म्हणजे उखळी तोफेचे गोळे. त्यांच्या फ्यूजचं वय कमी असलं तरी नियम तोच. भंगार म्हणून उचलायचं नाही, माती झटकायची नाही, पाणी ओतायचं नाही, फोटो काढायला जवळ जायचं नाही. जागा लक्षात ठेवायची, आल्या वाटेनेच मागे जायचं, लोकांना लांब ठेवायचं आणि ११२ वर फोन करायचा. सापडलेली वस्तू पोलीस ठाण्यात घेऊन येणारी भली माणसं मी पाहिली आहेत, मोटरसायकलच्या डिकीत घालून. त्यांचा हेतू चांगला होता. फ्यूजला मात्र आपण हलतो आहोत एवढंच कळतं.